पाणथळीचं अस्तर

कुसळ निघत नव्हतं. माइकवर चढवायच्या त्या करड्या, केसाळ टोपीत ते आडवं रुतून बसलं होतं, आणि चिमट्यानं ओढावं तर टोपीचेच दोन केस हातात येत होते, कुसळ जिथल्या तिथं. गवताचं एवढंसं कुसळ, टोकाला तांबूस, अंगावर बारीक दाते. आत जाताना सरळ जातं, बाहेर येताना अडतं... रविवारी पहाटे ती पाणथळीच्या बांधावर बसली होती तेव्हा कधीतरी घुसलं असणार. चार दिवस झाले. टोपी साफ करायची म्हणून रोज बाहेर काढायची आणि रोज तशीच पेटीत ठेवून द्यायची, असं चाललं होतं. आज गुरुवार. आज मात्र रेडिओ केंद्राच्या सामानाच्या खोलीत खिडकीशी उजेडात बसून ती हे काढणारच होती, जणू काही ते निघालं की बाकीचंही सगळं आपोआप मार्गी लागणार होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ — पुरे. सकाळी सकाळी म्हणी आठवायला लागल्या की समजावं, बाई, तू कामाची टाळाटाळ करते आहेस.

चहाच्या वेळी नवरा म्हणाला होता, "शनिवारी मी पण येतो गं तुझ्या कार्यक्रमाला. तुझे पक्षी एकदा मोठ्या आवाजात ऐकायचेत."

"माझे कुठले? पाणथळीचे."

"तेच ते. दर रविवारी दाढी करताना ऐकतो मी. तो एक आहे ना, सारखी कटकट करणारा, अगदी तुझ्यासारखा —"

"वटवट्या."

"नावही शोभतं."

ती हसली होती. म्हणजे तोंड हसलं होतं. त्या वटवट्याचा आवाज तेरा वर्षांपूर्वीचा आहे, आणि एवढासा पक्षी जगतो तरी किती, दोन वर्षं, फार तर चार... आणि हा भला माणूस गालाला साबण फासून दर रविवारी एका मेलेल्या पक्ष्याला दाद देतो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. "बरं मग?" म्हणाला असता आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं असतं. एवढं सोपं होतं, आणि तरी सांगितलं नाही.

कारण ही चोरी आहे असं मला पहिली आठ वर्षं वाटलंच नव्हतं. आमच्या कामात त्याला अस्तर म्हणतात. कुणाची मुलाखत घेतली, मधला खोकला कापला, तर कापल्या जागी भोक पडतं. नुसती शांतता नाही, भोकच, ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. म्हणून त्याच खोलीचा रिकामा आवाज, पंख्याची घरघर, लांबची रहदारी, असा मिनिटभर आधीच टिपून ठेवायचा आणि कापलेल्या जागेखाली अंथरायचा. कोटाला आतून अस्तर लावतात तसं. ते कुणाला दिसू नये, आणि ते नसलं तर कोट अंगावर बसू नये. बत्तीस वर्षांत तिनं मंत्र्यांच्या थापांना अस्तर लावलं आहे, कवींच्या उचक्यांना लावलं आहे. चांगलं काम करते म्हणून तिचं नाव आहे. जागा तीच, आवाज तिथलाच, मग खोटं कुठे?

पाणथळीचं तसंच झालं. चोवीस वर्षं दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच बांधावर पहाटे जाऊन ती तासभर ध्वनिमुद्रण करते आणि त्यातूनच पुढे वर्षभर रविवारच्या 'पाणथळीवरची पहाट'चे सात-सात मिनिटांचे तुकडे आलटूनपालटून निघतात. बारा वर्षांपूर्वी पाणथळीच्या उत्तरेला ट्रकतळ झाला. त्याच्या पुढच्या वर्षीचा तुकडा हवेत गेला आणि तिसऱ्याच मिनिटाला केंद्राच्या यंत्रानं तो बंद पाडून स्वतःच बासरी लावली. यंत्राला तसं शिकवलेलंच आहे: बारा सेकंद काही ऐकू आलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं समज. बिघडलं नव्हतं. पाणथळीवर खरंच काही नव्हतं. पण दिवसभर फोन वाजले, तेव्हाचे साहेब चिडले, म्हणाले, "काहीतरी भर घाला हो त्यात, तुम्हाला काय शिकवायला पाहिजे का?" नव्हतंच शिकवायला पाहिजे. तिनं ट्रकतळाच्या आधीच्या वर्षातली चांगली भरगच्च पहाट काढली आणि खाली अंथरली. तीच जागा. तोच बांध. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षीही... हाताला वळण पडलं की डोक्याला विचारावं लागत नाही. आणि प्रत्येक वर्षीची फीत त्या त्या वर्षाची तारीख घालून साठ्यात गेली. तिनंच घातली तारीख. स्वच्छ अक्षरात.

गंमत म्हणजे कुणी नीट ऐकलं असतं तर तेव्हाच पकडली गेले असते मी. चौथ्या मिनिटाला लांबून एक कुत्रं दोनदा भुंकतं. अकरा वर्षं तेच कुत्रं, त्याच जागी, दोनदा. एवढी साधी गोष्ट, आणि कुणाच्या लक्षात आली नाही. या केंद्राचे श्रोते फार चोखंदळ आहेत असं आम्ही दर वार्षिक अहवालात छापतो.

दार ढकलून कार्यक्रमवाली आत आली. तिचं खरं पद लांबलचक आहे, समुदाय-संवाद की काय त्याची समन्वयक, पण तसं म्हणायला कुणाला वेळ नाही. लोकांना केंद्रात बोलवायचं, खुर्च्या मांडायच्या, विचार, निसर्ग, हवामान यांवर त्यांना बोलतं करायचं, हे तिचं काम. माझ्या मुलीच्या वयाची, चालणं पळण्यासारखं.

"ताई, इथे लपलात होय! येत्या आठवड्याची निवेदनं तेवढी वाचून द्या ना. तुमच्या आवाजात लोक येतात. माझ्या आवाजात त्यांना वाटतं, काहीतरी विकायला आलीय."

"आण इकडं."

"आणि शनिवारची फाइल पाच वाजेपर्यंत हवीय हं. या वर्षीची पहाट. पहिल्या वर्षीची मिळालीय मला साठ्यातून." ती खुर्चीच्या पाठीवर रेलली. "खरं सांगू का ताई? सहा महिन्यांत मी बारा कार्यक्रम केले. पूर, दुष्काळ, वितळणारा बर्फ, मधमाश्या. दर वेळी लोक मान खाली घालून घरी जातात. एक आजोबा मला म्हणाले, पोरी, तुझ्याकडं आलं की सुतक लागल्यासारखं वाटतं. हा एकच कार्यक्रम असा आहे की शेवटी आपण म्हणू शकतो, बघा, अजून आहे! चोवीस वर्षं झाली, शेजारी ट्रक आले, तरी पक्षी हटले नाहीत. लोकांना एवढं तरी मिळायला नको का?"

"हो बाई, मिळायला पाहिजे," ती म्हणाली. काय म्हणणार दुसरं? पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"आणि सर आज तीनला येतायत, ऐकायला. मला भीती वाटत होती, ते नाही म्हणतील. पण स्वतःहून हो म्हणाले! केवढा मोठा माणूस, नाही?"

सर. हातातला चिमटा तिनं खाली ठेवला.

निवेदनं वाचायला काचेच्या खोलीत बसली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच लागला, स्थिर, जरा खर्जातला. आवाजाला काही लाजलज्जा नसते, तो आपला लागतो. "मंगळवारी सायंकाळी पाच वाजता, 'उन्हाळा लांबतोय का?', हवामानतज्ज्ञांशी मोकळ्या गप्पा. गुरुवारी, घरच्या बियाण्यांची देवाणघेवाण. येताना पाकिटावर नाव लिहून आणावं. आणि त्याआधी, येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, 'पाणथळ: तेव्हा आणि आता'. तीस वर्षं पाणथळीवरचे पक्षी मोजणारे निवृत्त शिक्षक आपल्याशी बोलतील आणि —" इथं कागदावर कार्यक्रमवालीनं लिहिलं होतं: आणि आपली एक चूक प्रांजळपणे मान्य करतील. ती थांबली. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदा वाचून टाकलं.

सातवीत विज्ञान शिकवायला होते सर. एकदा अख्ख्या वर्गाला बांधावर नेऊन बसवलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. "ऐकू आलं की एक बोट मिटायचं. एका पक्ष्याला एक बोट. दोन्ही हात संपले की मला हाक मारा." रुमालाला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास होता, पायाखाली चिखल गार, आणि आवाज असे अंगावर आले, पाणकोंबडी, टिटवी, खंड्या, वटवट्यांची भांडणं, नावं तेव्हा कुठली माहीत, नुसते आवाज, एकावर एक, इतके की दोन मिनिटांत माझी बोटं संपली आणि अजून येतच होते, आणि मी रडायलाच लागले. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून. सरांनी रुमाल सोडला. "बोटं संपली म्हणून रडतेस? वेडाबाई! ही काय रडायची गोष्ट आहे?" आणि केवढे हसले. मी ध्वनिमुद्रण करते ती त्या दिवसापासून, यंत्र हातात बऱ्याच वर्षांनी आलं एवढंच.

त्या माणसाची मोजणी दर वर्षी खाली येत होती. एकेचाळीस जाती, तेहतीस, पंचवीस, चौदा... वह्यांवर वह्या. आणि तीन वर्षांपूर्वी ट्रकतळ वाढवायचा की नाही यावर जनसुनावणी झाली, तेव्हा कुठल्याशा अभ्यास संस्थेनं केंद्राच्या साठ्यातल्या फिती नेल्या, संगणकाला ऐकवल्या, संगणकानं पक्ष्यांची प्रत्येक हाक मोजली आणि आलेख काढला. सरळ रेघ. अकरातली तेव्हाची आठ वर्षं, एका उंचीवर. एकीकडं म्हाताऱ्याच्या वह्या, दुसरीकडं यंत्र आणि सार्वजनिक रेडिओची तारीखवार फीत. ट्रकतळवाल्यांच्या वकिलानं अगदी अदबीनं विचारलं म्हणे, "सर, आपलं वय काय?" आणि लोक हसले. सर कानांच्या डॉक्टरकडं गेले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या कानात डॉक्टरला जे सापडायचं ते सापडलं, वरचे सूर थोडे कमी. वयाप्रमाणे आहे, म्हणाला. सरांनी वह्या माळ्यावर टाकल्या आणि मोजणं थांबवलं. ट्रकतळ निम्मा वाढला. उरलेल्या निम्म्याचा निर्णय पुढच्या महिन्यात.

मी तिथं नव्हते. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं आहे! मी तिथं नव्हते, मला बातमीतून कळलं, आणि ती बातमीही आमच्याच केंद्राची, तिच्यातल्या खोकल्यालाही मीच अस्तर लावलेलं. मला वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येईल. ते कुत्रं. कुणीतरी फोन करील. मग मी म्हणेन, अगंबाई, हो की... पण फोन आला नाही, आणि न आलेल्या फोनच्या आडोशाला मी तीन वर्षं राहिले. बरं, तेव्हा कळल्यावर तरी हात आवरावा? या सोमवारी यंत्रापुढं बसले, रविवारची पहाट उघडली, ऐकली, आणि अर्ध्या तासानं बघते तर खाली अस्तर घालून मोकळी! सवयीला मरण नाही. आता दोन फाइली शेजारी शेजारी आहेत. एक कोरी. एक नेसवलेली.

सर तीनला पाच मिनिटं असताना आले. इस्त्रीचा सदरा, बगलेत कापडी पिशवी, आणि चालताना डावा हात भिंतीला नकळत लावत येणं, हे नवीन. तिनं वाकून नमस्कार केला. "असू दे, असू दे. उठताना तुझीच कंबर धरेल," ते म्हणाले. "वय काय गं तुझं आता?"

"छप्पन्न."

"म्हणजे माझी पोरंही म्हातारी झाली." त्यांना गंमत वाटली.

बेत ठरला होता. तिचा सगळा बेत असा होता की कोरी फाइल लावायची आणि काही बोलायचं नाही. सर ऐकतील. मिनिटभर, दोन मिनिटं. मग कानावरचा हेडफोन काढून म्हणतील, "अगं, इथं तर काहीच नाही." आणि मग ती म्हणेल, "हो सर, काहीच नाही. तुमचंच बरोबर होतं." बस, एवढंच. पुढचं सर विचारतील तसतसं. म्हणजे कबुली तिनं द्यायची नव्हती, सरांनी ती शोधून काढायची होती. सातवीतल्या पोरीनं वही बाकावर उघडी ठेवून द्यावी आणि मास्तरांनी येता जाता बघावी, तसलं.

पण सरांनी आधी पिशवीतून एक कागद काढला. "तू जरा बघ हे. शनिवारी वाचायचं आहे. भाषा फार रडकी नाही ना झाली?"

अक्षर अजून तसंच, फळ्यावरचं. 'माझ्या मोजणीवर विश्वास ठेवून ज्यांनी पाणथळीसाठी धावपळ केली, त्यांची मी माफी मागतो. पक्षी कमी झाले नव्हते. माझे कान कमी झाले होते. वय झालेल्या माणसानं आपल्या इंद्रियांवर किती भरवसा ठेवावा...' पुढची अक्षरं तिला लागेनात.

"सर, हे... हे एवढं लिहायची काय गरज आहे?"

"का? खरं आहे ते." त्यांनी चष्मा पुसला. "सुरुवातीला मला फार लागलं, खोटं कशाला बोलू? वर्षभर मी कुणाशी धड बोललो नाही. मग एक दिवस दुपारचा पडलो होतो आणि मनात आलं, अरे, मास्तर, नीट विचार कर. समजा तू म्हणतोस तेच खरं असतं, तर? तर तुझे कान शाबूत आणि पक्षी गेलेले. आणि आता काय आहे? कान गेले, पक्षी आहेत! यापेक्षा स्वस्तात कुणाला काय मिळणार? त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो बघ. आता रविवारी तुझा कार्यक्रम लावतो. मोठ्या आवाजात लावला की थोडं थोडं येतं. सूनबाई ओरडते, पण ओरडू दे."

हे तिच्या हिशोबात कुठंच नव्हतं. तिनं धरून चाललं होतं की सरांचं काहीतरी आपल्याकडं आहे आणि ते आपण परत करायचं आहे. त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून काय काढून घ्यावं लागेल हे तिनं पाहिलंच नव्हतं. पोटभर जेवलो, म्हणाले. आता त्या ताटातलं...

"लाव ना," सर म्हणाले. हेडफोन त्यांनी स्वतःच डोक्यावर चढवला, उलटा, तिनं तो सरळ केला. त्यांच्या कानाची पाळी थंड होती.

तिनं कोरी फाइल लावली. का लावली? बेत मोडला होता, दुसरी लावता आली असती, शेजारीच होती... हात मात्र कोरीवरच गेला. दुसरा हेडफोन तिनं आपल्या कानाला लावला. वारा. बोरूच्या पात्यांचं एकमेकांवर घासणं. पाण्याचा एक बुडबुडा, कुठंतरी. मग ट्रक मागं घेताना वाजणारी ती टूं-टूं, टूं-टूं, बराच वेळ. मग पुन्हा वारा. बांधावर बसले होते तेव्हा मला हे असं ऐकूच आलं नव्हतं, कारण मी ऐकतच नव्हते, कुठं काय घालावं लागेल एवढंच मोजत होते.

सरांनी डोळे मिटले होते. चेहरा वर. मिनिट गेलं. दीड मिनिट. म्हणा ना सर. म्हणा, इथं काही नाही. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, गेली, ओठ हलले. डोळे किलकिले करून त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, अगदी झर्रकन, जसं उत्तर येत नसलेलं पोर शेजारच्याच्या वहीकडं पाहतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, कारण त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले आणि मांडीवरच्या हाताचं एक बोट मिटलं.

"पाणकोंबडी," ते म्हणाले.

वारा. टूं-टूं.

"टिटवी... लांब आहे, पण आहे." दुसरं बोट. "हां! वटवट्या. कसा भांडतोय बघ, तसाच आहे अजून." तिसरं. "खंड्या गेला. पाणलावा." चौथं, पाचवं. ते घाईनं मिटत होते आता, कुणी अडवायच्या आत, आणि हसत होते, आणि हेडफोनमुळं त्यांचा आवाज नको इतका मोठा झाला होता. "वा! भरलंय गं अगदी! पूर्वीसारखं!"

म्हणजे सरांना नीट ऐकू येत होतं. रिकामं होतं ते रिकामंच ऐकू येत होतं, आणि रिकामं ऐकू येणं म्हणजेच बहिरेपण अशी त्यांची आता खात्री पटली होती. आणि ते बहिरेपण माझ्यापुढं, आपल्या जुन्या विद्यार्थिनीपुढं झाकायला त्यांनी ओळीनं नावं घेतली, पाठ असलेली, तीस वर्षांची... तेही अस्तरच. आणि ते लावायला त्यांना मी शिकवलं होतं. कधीही खोटं न बोललेला माणूस, सातवीच्या वर्गात स्वतःचं गणित चुकलं तर फळ्यावर स्वतःलाच शून्य देणारा, तो आज पहिल्यांदा खोटं बोलला आणि लहान पोरासारखं भांबावून बोलला. आता सांगायचं म्हणजे तेही सांगायचं. सर, तिथं काही नव्हतं. सर, मग तुम्ही नावं कुणाची घेतलीत?

फाइल संपली. त्यांनी हेडफोन काढला, कान चोळले. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या, त्या त्यांनी हळूच उघडल्या.

"छान आहे," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "ठीक आलं ना? मी म्हणालो ते?"

"हो सर," ती म्हणाली.

कार्यक्रमवाली चहा घेऊन आली, सरांच्या पाया पडली, शनिवारी गाडी पाठवते म्हणाली. सर नको म्हणाले, बस बरी. पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना ते उठले, आणि ती त्यांना थांब्यापर्यंत सोडायला निघाली. रस्त्याला गर्दी होती. त्यांनी तिच्या कोपराला धरलं होतं, हलकंच, आणि कुणाच्या कुणाच्या चौकश्या करत होते, वर्गातला तो लांबुळका मुलगा सध्या कुठं असतो, तुझी मुलगी काय करते. ती उत्तरं देत होती. तोंडात एकच वाक्य होतं, आणि त्याच्या मागं दुसरं होतं, तिसरं होतं, फिती, तारखा, कुत्रं, सगळं रांगेत उभं. पहिलं बाहेर पडलं की बाकीची आपोआप पडतील, असं तिला वाटत होतं. बस लांब वळणावर दिसली.

"सर," ती म्हणाली, "तुमचे कान चांगले आहेत."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांचा सगळा चेहरा हसला. "दिसायला, होय. आमची ही म्हणायची, तुमच्यात बघण्यासारखं तेवढंच आहे."

"तसं नाही सर. खरंच. तुम्हाला ऐकू येतं. मी... तुम्हाला तेव्हाही बरोबर ऐकू येत होतं."

"असू दे गं पोरी." त्यांनी तिचा हात थोपटला. "मास्तरला धीर देतेस होय? असू दे. मला आता त्याचं काही वाटत नाही." बस आली, त्यांनी दांडा धरला, पायरीवर एक पाय ठेवून मागं वळले. "शनिवारी पुढं बस हं. तू दिसलीस की मला वाचायला जमेल."

बस गेली. ती परत निघाली. पाचला दहा कमी होते, फाइल द्यायची होती, कुठली ते तिनं ठरवलं नव्हतं, आणि तरी पावलं भराभर पडत होती... तिला मोकळं वाटत होतं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. कोपऱ्यावर फुलवाल्याकडं पाहून ती चक्क हसलीही. सांगितलं, बाई. सांगितलं मी. तोंडावर, स्पष्ट, दोन वेळा सांगितलं: तुमचे कान चांगले आहेत, तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं. त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करू? आणि खुशीत आहेत ते, पोटभर जेवतात, तेही त्यांनीच सांगितलं... वाक्यं कशी पटापट जागेवर बसत होती, एकाखाली एक, कुठं भोक राहत नव्हतं. उद्या कुणी विचारलंच तर, मी त्यांना थांब्यावर सांगितलं होतं. फाटक दिसू लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की एवढ्यावर आपलं भागणार आहे. शनिवारी पहिल्या रांगेत बसून सरांकडं बघायलाही एवढं पुरणार आहे. शरम कुठं आहे म्हणून तिनं आत चाचपून पाहिलं. दुपारपर्यंत होती, चांगली हाताला लागत होती, आणि आता त्या जागी नुसतं बरं वाटत होतं. अकरा वर्षांत कधी भ्याले नाही एवढी मी त्या बरं वाटण्याला भ्याले.